ती राख आपल्या खाडीत पडली नव्हती

बाळाराम, भांडण अर्धवट टाकून उठून जायची तुझी सवय जुनीच. शाळेत होतो तेव्हा तू पाटी काखेत मारून निघून जायचास. पुढे मास्तर झाल्यावर 'मुलांचे पेपर तपासायचेत' म्हणून उठायचास. आणि आता हे. पूर्वी मी तुला बांधावरून हाक मारायचो, तू कुरकुरत परत यायचास आणि आपण पुन्हा भांडायला लागायचो. या वेळी तशी सोय ठेवली नाहीस. मला हे मुळीच आवडलेलं नाही.

शाळेच्या मंडळींनी तुझ्यावर अंक काढायचं ठरवलंय. मला म्हणाले, हिराजी, तू त्याचा लहानपणापासूनचा मित्र, तू दोन पानं लिही. तुझा जन्म कधीचा, तू कुठं शिकलास, तुझी पुस्तकं कोणती, हे लिहायला दुसरी माणसं आहेत आणि ती माझ्यापेक्षा नीट लिहितील. मी तुझ्याशीच बोलणार आहे. त्यांना छापायचं तर छापतील, नाहीतर परत देतील. तुझं बारावं होऊन गेलं, तरी रविवार उजाडला की मी पुन्हा ओटीवर तुझ्यासाठी दुसरी घोंगडी टाकतो आणि मग गुंडाळून ठेवतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं मी जे बोलेन ते कुणा परक्याचं बोलणं आहे असं तुला वाटायचं नाही.

आठवडाभर मी ठाण्याच्या गिरणीत हजेऱ्या लिहायचो, तू शाळेत पोरांना पाढे शिकवायचास आणि रविवारी आपण साहित्य करायचो. तळवलीसारख्या गावात, जिथं एका बाजूला मिठागरं आणि दुसऱ्या बाजूला भातखाचरं, तिथं दोन माणसं ओटीवर बसून साहित्य करतात याची गावाला गंमत वाटायची. ठाण्याच्या रद्दीवाल्याकडून तू ते जपानी गोष्टींचं इंग्रजी पुस्तक आणलंस तेव्हा किती हरखला होतास. पुठ्ठा गेलेला, पानांना कसर लागलेली. आपल्या दोघांचं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. तू एक वाक्य मनात वाचायचास, ओठ हलायचे, मग शब्दकोश उघडायचास आणि मग मराठीत मोठ्यानं सांगायचास. मी म्हणायचो, असं कुणी बोलत नाही. तू म्हणायचास, मग कसं बोलतात ते तू सांग. पण तुझा कान माझ्याकडे नसायचाच, तो माझ्या आईकडे असायचा. आई कोपऱ्यात सोडे निवडत बसलेली असायची आणि मध्येच एखादं वाक्य टाकायची. ते तू उतरून घ्यायचास. तिला जपान कुठं आहे ते ठाऊक नव्हतं, आणि त्यानं तिचं काही अडतही नव्हतं.

तूच मला सांगितलंस की तिकडच्या दोन शहरांवर ते बाँब पडले आणि तिथल्या लिहिणाऱ्यांच्या हातातली गोष्टच मोडली. पूर्वी ते पानगळीवर लिहायचे, नवरा-बायकोच्या अबोल्यावर लिहायचे. आता अबोल्याची गोष्ट लिहायला घेतली तरी ते जळलेलं शहर मध्ये यायचंच. कुणी बाँबचं नावही न काढता लिहायचा, तरी वाचणाऱ्याला कळायचं की या घरात एक माणूस कमी का आहे. जिंकलेल्या सैन्यानं काही वर्षं त्याविषयी मोकळेपणी छापू दिलं नाही, म्हणून गोष्टींतला मजकूर गाळून छापावा लागला. सैन्य गेल्यावर काहींनी आपल्या गोष्टी पुन्हा हातात घेतल्या. गाळलेलं परत घातलं, तेही पुरेना म्हणून नव्यानं लिहिलं. हे सगळं त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत होतं, पण ते सांगताना तुझा आवाज असा खाली यायचा की ते तूच पाहून आलायस असं वाटावं. आपल्याकडे गोष्ट छापून आली की लेखक हात धुऊन मोकळा होतो, असं तू म्हणायचास. ही माणसं एकाच गोष्टीशी जन्मभर झगडतात, कारण जे झालं ते तिच्यात मावत नाही.

मग ती मासळीवालीची गोष्ट आली. तो काळ जरा पुढचा, लढाई संपून बरीच वर्षं झाल्यानंतरचा. दूर समुद्रात कुणीतरी नवा बाँब उडवून बघतो आणि त्याची पांढरी राख एका मच्छीमार बोटीवर पडते. माणसं ती अंगावरून झटकतात, जाळं ओढतात, बंदरात परत येतात. मग त्यांचे केस हातात येऊ लागतात. बंदरातली मासळी सरकार पुरून टाकतं. आणि त्याच बंदरात एक बाई आहे, तिच्या नवऱ्याची होडी तिकडे गेलेलीही नाही, किनाऱ्यालगतच फिरणारी. तरी तिची मासळी कुणी घेत नाही. ती टोपली मांडून बसते. गिऱ्हाईक येतं, गावाचं नाव विचारतं आणि पुढं जातं. ऊन उतरतं. ती तशीच बसलेली असते आणि गोष्ट तिथंच थांबते.

ते वाचून झाल्यावर तू पुस्तक मांडीवर उपडं ठेवलंस आणि आईला विचारलंस, "मावशी, तू असतीस तर काय केलं असतंस?"

आई म्हणाली, "काय करायचं? पानी मारीत बसले असते. मासलीवर पानी मारलं का हातांना काम ऱ्हातं."

तू ते लगेच लिहून घेतलंस. मूळ गोष्टीत ती बाई नुसती बसलेली होती, पाणी मारणं आईचं. मी हटकलं तर म्हणालास, एवढं चालतं, भाषांतरात एवढा हात लागतोच. पण शेवटाला हात लावायचा नाही, हे आपण दोघांनीही एका तोंडानं म्हटलं होतं. तुझे शब्द मला पाठ आहेत, "हा शेवट बदलेल त्याला मी लेखक म्हणणार नाही."

भांडण झालं ते नावांवरून. आपल्याकडे परकी गोष्ट आणली की तिला लुगडं नेसवायची रीत. तिकडच्या सरदाराचा इकडे इनामदार होतो, धुक्यातलं शहर पुणं होतं, आणि वाचणारेही तसंच वाचतात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. तुझं म्हणणं, जपानी नावं वाचकाच्या जिभेवर बसत नाहीत, बंदर आपलंच करून टाकू. मी म्हटलं, इनामदार कर नाहीतर जहागीरदार कर, पण हे ज्यांनी भोगलं त्यांचं नाव त्यांच्याकडे राहू दे. त्या बाईचं बंदर घेतोस, नवरा घेतोस, वर दुखणंही आपल्या नावावर लावून घेतोस? त्या दिवशी तू उठून गेलास. पुढच्या रविवारी आलास तेव्हा म्हणालास, तुझं बरोबर आहे, नावं त्यांचीच ठेवतो. आईसमोर म्हणालास. मी आनंदानं बोयटांचं कालवण करायला लावलं आणि तू तीनदा भात घेतलास.

दिवाळी अंक आला. तू आणून दिला नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. गिरणीत एका कारकुनानं टेबलावर टाकला आणि म्हणाला, काय हो, तुमच्या गावात हे चाललंय आणि तुम्ही बोलला नाहीत. मी उघडला. गोष्ट तुझ्या नावावर होती. जपानचा कुठं उल्लेख नाही, रूपांतर हा शब्दही नाही. खाडी आपली, बंदर आपलं, गावाचं नाव सरळ तळवली. आणि पलीकडे ट्रॉम्बेच्या बाजूला अणुभट्टीचा जो पांढरा घुमट तेव्हा उभा राहत होता, तो तू घेतला होतास. राख तुझ्या गोष्टीत त्या बाजूनं वाऱ्यावर आली, पिठासारखी आली आणि आपल्या होड्यांवर बसली. त्या घुमटाचा आणि आपल्या मासळीचा काडीचा संबंध नव्हता. राख हजारो कोसांवर पडली होती, दुसऱ्यांच्या समुद्रात, दुसऱ्यांच्या डोक्यावर. हे तुला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

मी तुझ्याकडे आलो तेव्हा तू सारवासारव केलीस. संपादकांना जपानी नावं नको होती म्हणे. परकं दुःख दिवाळीत कोण वाचतो, असं ते म्हणाले म्हणे. आणि घुमटाची कल्पना सुचली तेव्हा तुला वाटलं की आता ही गोष्ट खरी आपली झाली. किती पत्रं आली ते मला सांगत होतास. मी म्हटलं, त्या जपानी माणसाचं नाव तरी खाली टाकायचंस. तू म्हणालास, जागा नव्हती. माझ्या तोंडाला पानं पुसलीस, इथपर्यंत मी गिळलं असतं. लेखक लोक असेच असतात म्हणून मी आठवडाभर फुगून बसलो असतो आणि मग पुन्हा घोंगडी टाकली असती.

पण दिवाळी अंक ठाण्यात घरोघर जातात, बाळाराम. दुपारी बायका तेच वाचतात. आपल्या गावच्या बायका भरतीच्या पाण्यावर होडीनं ठाण्याला जातात आणि बाजारात बसतात, हेही तुला ठाऊक होतं. पहिल्यांदा एका वकिलाच्या घरची बाई टोपलीत हात घालता घालता थांबली आणि तिनं विचारलं, कुठली मासळी? आईनं सांगितलं. ती बाई हात पुसत उठली. आईला वाटलं, घाई असेल. मग दुसरी. मग विचारणंही थांबलं, लांबूनच बोट दाखवून एकमेकींना सांगू लागल्या, ती तळवलीची. तेव्हा कुठं कुणीतरी आईला सांगितलं की तुमच्या खाडीत विषारी राख पडलीय, छापून आलंय.

छापून आलंय याच्यावर काय बोलणार? आई मला विचारायची, खरं काय? मी म्हणायचो, खोटं आहे, गोष्ट आहे. ती म्हणायची, मग गोष्ट हाय असं कोनी का सांगत नाय? गावच्या बाकीच्या बायका हुशार निघाल्या. कुणी घणसोली सांगू लागली, कुणी बेलापूर. आई सांगेना. तिचं म्हणणं, लग्न होऊन ज्या गावाला आले ते गाव काय बाजारात बदलू? कोळंबी घरी परत यायची, जिताडे घरी परत यायचे. पहिल्या दिवशी आम्ही खाल्ले, शेजाऱ्यांना वाटले. मग कापून खारवले. मग खारवायला जागा राहिली नाही आणि ताजी मासळी खाचरात पुरली. फावडं मारताना मला तुझं ते पुस्तक आठवलं आणि मी तुझ्या नावानं जे बोललो ते इथं लिहिता यायचं नाही.

एका रविवारी मी आईबरोबर बाजारात गेलो. ती तिच्या जागेवर बसली होती, आसपासच्या टोपल्या रिकाम्या होत होत्या आणि ती मासळीवर पाणी मारत होती. ओंजळ भरायची, शिंपडायची, पुन्हा भरायची. तुझ्या गोष्टीत होतं तसं. तिनं आधी सांगितलं, तू लिहिलंस आणि मग ते तिला करावं लागलं.

त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे आलो. भांडायला नाही, मागायला आलो. मी काही अवघड मागितलं नव्हतं. म्हटलं, खुलासा छापून आणायला वेळ लागेल, तो पुढं बघू. तू फक्त येत्या रविवारी ठाण्याला चल. कोट घाल, टोपी घाल. तुला तिथले निम्मे मास्तर आणि वकील ओळखतात. भर बाजारात आईसमोर उभा राहा, मोठ्यानं सांग की गोष्ट मी लिहिली, ती जपानची आहे, आणि सगळ्यांदेखत तिचा एक जिताडा घे. एवढंच. वहिनी आतून ऐकत होत्या, त्याही म्हणाल्या, जा की हो. तू माझा हात हातात घेऊन म्हणालास, "येतो. शपथ घालू नकोस, येतो."

आईनं त्या रविवारी सगळ्यांत मोठा जिताडा ओल्या फडक्याखाली वेगळा ठेवला होता. एक खानावळवाला भाव पाडून सगळीच टोपली घ्यायला तयार झाला, तरी तो जिताडा तिनं दिला नाही. बालाराम येतोय म्हणाली. आम्ही बाजार उठेपर्यंत थांबलो. झाडूवाले आले, तरी आई उठेना. मीच टोपली उचलली.

तिथून मी तुझ्या घरी आलो, तेव्हा तू आधी ताप आला होता म्हणालास. मग मी वहिनींकडे बघितलं आणि त्यांनी मान खाली घातली, तेव्हा तू खरं बोललास. म्हणालास, "लेखकानं बाजारात उभं राहून गोष्टीचा खुलासा करायचा नसतो." केसानं गळा कापणं म्हणतात ते मी तोवर नुसतं वाचलं होतं. आई खोटं गाव सांगायला तयार नव्हती आणि तू खरं नाव सांगायला तयार नव्हतास. त्या दिवशी अर्ध्यावरून उठून जायची पाळी माझी होती.

पुढं लोक विसरले. लोक विसरतातच. पण बाजारातली आईची जागा गेली. त्या जागेवर तिची सासू बसायची. तिच्या पश्चात आई बसू लागली आणि माझा बाप खाडीत गेला त्या वर्षीसुद्धा तिनं ती सोडली नव्हती. रोजची रिकामी बसणारी बाई कोण ठेवून घेईल, तिथं दुसरी बसली. तेव्हापासून आई दारोदार फिरते. गुडघे धरले तरी जिने चढते आणि वरच्या मजल्यावरच्या बायका दारातूनच भाव करतात. तू रस्त्यात दिसलास की ती पदर सावरून बाजूला व्हायची. तिला राग नव्हता रे, तिला लाज वाटायची, तुझी.

बाप गेल्याचं लिहिलं आणि हात थांबला. कारण तेव्हाचा तूही मला आठवतोस. प्रेत मिळालं नव्हतं. दर्भाचा पुतळा करून दहन करायचं ठरलं आणि मला तो बघवेना. तू माझ्या मागे उभा राहून माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि पुतळा पूर्ण जळेपर्यंत काढला नाहीस. मला गिरणीत चिकटवलंस तू. वाचायला शिकवलंस तू, म्हणजे अक्षरं नव्हे, अक्षरं शाळेनं शिकवली. गोष्ट वाचताना कुठं थांबायचं, न लिहिलेलं कसं ऐकायचं, ते तुझ्यामुळे कळलं. तू नसतास तर मी हजेऱ्या लिहून लिहून म्हातारा झालो असतो आणि मला त्याचं वाईटही वाटलं नसतं. म्हणून तर एवढं लागलं. परक्यानं केलं असतं तर मी दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो.

दोनेक वर्षांनी तू दारात आलास. आत नाही आलास, दारातच उभा राहिलास, हातात नवं पुस्तक. म्हणालास, हिराजी, पुस्तकात मी सगळं दुरुस्त केलंय. गोष्ट परत जपानला नेलीय. खाली मूळ लेखकाचं नाव आहे. तळवलीतला त सुद्धा नाही, घुमट नाही. मी म्हटलं, आणि आई? तू म्हणालास, आई कुठली, ती बाई जपानचीच. मला हसू आलं. आधी विचारल्याशिवाय आम्हाला आत घातलंस आणि आता विचारल्याशिवाय बाहेर काढलंस. तिकडचे लेखक गाळलेलं परत घालत होते, तू घातलेलं गाळत होतास, आणि दोन्हीला तू पुनर्लेखनच म्हणत होतास. पुस्तक मी घेतलं नाही. म्हटलं, आधी बाजारात चल, मग वाचतो.

दवाखान्यातही तू तेच विचारलंस. वहिनी पाणी आणायला गेल्या होत्या. तू म्हणालास, वाचलंस का? मी म्हटलं, आलास का बाजारात? तू हसलास, हसताना खोकला आला, खोकला थांबेना. मी तुझी पाठ चोळत बसलो. पाठीची हाडं हाताला लागत होती. तुला आणखी काहीतरी सांगायचं होतं असं मला वाटलं, पण तेवढ्यात वहिनी आल्या आणि तू डोळे मिटून घेतलेस. तुला काय सांगायचं होतं ते मला परवा कळलं.

परवा शाळेच्या पटांगणात तुझी शोकसभा झाली. सगळा गाव आला. ज्यांची मासळी परत आली होती त्या बायकाही आल्या, आईसुद्धा. मी तिला म्हटलं होतं, नको येऊस. ती म्हणाली, मेलेल्याशी कसला राग? ठाण्याहून एक लेखक गृहस्थ आले होते. ते म्हणाले, दिवंगताला श्रद्धांजली त्याच्याच शब्दांत वाहू या, आणि त्यांनी तुझ्या पुस्तकातून ती गोष्ट वाचायला घेतली.

गोष्ट खरोखरच परत जपानला गेली होती. नावं जपानी, बंदर जपानी. बाई टोपली मांडून बसली. गिऱ्हाईक आलं, गावाचं नाव विचारून गेलं. बाई पाणी मारू लागली, ते तू काढलं नव्हतंस, तेवढी माझी आई तिथं शिल्लक होती. बायकांच्या ओळीत कुणीतरी आईला कोपरानं ढोसलं. ऊन उतरलं. मी मनात म्हटलं, आता हे गृहस्थ थांबतील. ते थांबले नाहीत. त्यांनी पान उलटलं.

पलीकडच्या पानावर गावच्या शाळेचा मास्तर आला. कोट घातलेला, टोपी घातलेला. तो भर बाजारातून सरळ त्या बाईपाशी आला, मोठ्यानं तिच्या गावाचं नाव घेतलं आणि सगळ्यांदेखत तिचा सगळ्यांत मोठा मासा विकत घेतला. बाई रडली. बाजार बघत राहिला. गोष्ट संपली. पटांगणातल्या माणसांनी डोळे पुसले, ठाण्याचे गृहस्थ म्हणाले, हा मानवतेवरचा विश्वास. आणि वहिनी पदराआडून माझ्याकडे बघत होत्या.

म्हणजे तू शेवट बदललास. त्या परक्या माणसानं इतकं सोसून, इतकं पुन्हा पुन्हा लिहून जो शेवट हाती धरला होता, कुणीही येत नाही हा, तो तू पुसून टाकलास आणि खाली नाव त्याचंच ठेवलंस. पहिल्यांदा त्याची गोष्ट आपल्या नावावर घेतलीस, दुसऱ्यांदा आपली गोष्ट त्याच्या नावावर खपवलीस. ती माणसं पुन्हा लिहीत कारण जे झालं ते त्यांना पुरतं सांगता येत नव्हतं. तू पुन्हा लिहिलंस ते जे झालंच नाही ते झालं म्हणून सांगायला. दवाखान्यात मला तू हेच वाचायला लावणार होतास ना? मी वाचावं, माझा राग जावा आणि तुला झोप यावी. कागदावर बाजारात जाऊन आलास आणि मला म्हणालास, आलो बघ.

मला रडू आलं हेही सांगतो. वाचणाऱ्याचा आवाज चांगला होता म्हणून नव्हे. तुला तो रविवार इतका टोचत होता हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी तुला कोट घालून हाताला धरून नेलं असतं, लोक विसरल्यावरसुद्धा, आईची जागा गेल्यावरसुद्धा. आई दारोदार फिरते ना, तुझ्याच दारात नेली असती टोपली. तू उंबऱ्यापर्यंत आला असतास तरी चाललं असतं. पण तुला टोचलं तेव्हा तू आमच्याकडे आला नाहीस, तू कागदाकडे गेलास. याला मी माफी समजू, की आणखी एक फसवणूक? मी अजून ठरवलेलं नाही. ठरलं की भांडायला तू असायला हवा होतास.

सभा संपल्यावर आई आणि मी बांधावरून घरी निघालो. ओहोटी होती, चिखलात निवट्या मासळी उड्या मारत होती. तिला गोष्ट कितपत कळली असेल याचा मी विचार करत होतो. घर जवळ आलं तेव्हा तिनं विचारलं,

"ती बाय जपानची ना?"

मी म्हटलं, हो.

"आनि तो मास्तर? तो बी तिकरचा?"

पुस्तकात तसंच होतं. हो म्हटलं.

आई थांबली, गुडघ्यावर हात टेकून उभी राहिली, मग पुन्हा चालू लागली. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "येवऱ्या लांब गेला मासली घ्याला. ठान्याला नाय आला."